भात लागला तर पुस्तक चांगलं

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत पुस्तकांची तीन कपाटं आहेत. समोरच्या भिंतीत एक खिळा ठोकलेला आहे. त्यावर माझा फोटो लावायचा आणि खाली ‘पुस्तक-भिशीचे संस्थापक’ अशी पट्टी लावायची, असं सोसायटीच्या कमिटीनं ठरवलं आहे. फोटो मागायला सेक्रेटरी दोनदा येऊन गेले. पहिल्यांदा मी म्हणालो, चांगला फोटो सापडत नाही. दुसऱ्यांदा म्हणालो, केस कापतो आणि नवा काढून घेतो. माझ्या डोक्यावर किती केस उरलेत ते सेक्रेटरींनी सभ्यपणे पाहिलं आणि ते गेले.

खरी गोष्ट अशी, की पुस्तक-भिशी मी सुरू केली नाही. हौसाआत्यानं केली. आणि आज त्या खोलीत तिचं नाव कुठंच नाही याला कारण मी आहे. हे सांगायला फार उशीर झालाय. पण माझ्या अपराधानं सुरुवात केलेली तिला चालणार नाही. कुणी पुस्तकाच्या सुरुवातीलाच रडू लागलं की ती पान उलटून म्हणायची, “तुजं रडणं मागाहून आइकते, आधी कोण काय बोल्लं ते सांग.” तर आधी ती.

नोकरी संपल्यावर मी आणि मंगला मुंबई सोडून पनवेलला तळ्याजवळच्या या इमारतीत राहायला आलो. इमारत हौसाआत्याच्या मुलानं, गणेशनं बांधलेली. त्यांचं मूळ गाव उरणच्या बाजूला, खाडीकाठी. घरचं मिठागर होतं. जमीन नव्या शहरासाठी गेली, बदल्यात प्लॉट मिळाले, आणि मिठाच्या राशी मोजणारं घर मजले मोजू लागलं. सगळी इमारत तिला आत्याच म्हणायची. ती तळमजल्यावर राहायची. उंच, हाडापेरानं दणकट, अंगावर लुगडं, हातात सोन्याच्या जाड बांगड्या आणि गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. शाळा सातवीपर्यंत. आवाज असा, की ती पार्किंगमध्ये बोलली तरी चौथ्या मजल्यावर आम्हाला आमचा टीव्ही मोठा करावा लागे.

सामान लावत असतानाच ती वर आली. माझी पुस्तकं खोक्यांतून काढून ठेवली होती. सगळी जाड, गंभीर, कापडी बांधणीची. तिनं एक उचललं आणि थेट मधलं पान उघडलं. अर्धं वाचलं, मिटलं. दुसरं उचललं. पुन्हा मधलं पान.

“सुरुवातीपासून बघा की,” मी म्हणालो.

“मासली घेताना तुमी काय बघता, सायेब?”

“मी नाही घेत. मंगला घेते.”

“मंग त्यांना इचारा. तोंड बघून कोण घेत नाय. कल्ला उघडून बघाचा, आत लाल हाय का. पयलं पान सगल्यांचं चांगलं असतं. मधलं बघाचं.”

पुढं मी तिला उरण नाक्यावरच्या रद्दीच्या दुकानात पुस्तकं घेताना अनेकदा पाहिलं. किलोवर मिळणाऱ्या ढिगापाशी ती पाय पसरून बसायची आणि एकेका पुस्तकाचा कल्ला उघडायची. दुकानदार कुरकुरला तर म्हणायची, “तुज्या दुकानात वास येतो तो पुस्तकांचा नाय, तुजा हाय.” घरी आणलेल्या प्रत्येक पुस्तकाला ती जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घालायची, छापील बाजू आत. तिच्या फळीवर सगळी पुस्तकं पांढरीफेक, एकसारखी. नाव नाही, लेखक नाही. “नाव दिसलं की लोक वाचाच्या आधीच बोलाला लागतात,” असं तिचं म्हणणं. हे ती माझ्याकडे बघून म्हणायची.

ती वाचायला कशी लागली, ती कथा तिच्याच तोंडून ऐकायला हवी होती. नवरा हॉस्पिटलमध्ये होता तेव्हा ती बाकावर बसून असायची. एका नर्सनं तिला एक खुनाची कादंबरी दिली. आत्या त्या पुस्तकात इतकी गुंतली, की नवऱ्यानं पाणी मागितलं तर म्हणाली, “थांब जरा, डॉक्टर खोटं बोलतोय.” नवरा घाबरला. त्याला वाटलं आपल्याच डॉक्टरबद्दल चाललंय. तो बरा होऊन घरी आला, पण पुस्तकाची शेवटची पानं फाटलेली होती. खून कुणी केला ते कळेना. आत्यानं घरी, गावात, बाजारात, जो भेटेल त्याला गोष्ट सांगून विचारायला सुरुवात केली, “बोल, कोणी मारला असंल?” सगळ्या गावानं मतं दिली. शेवटी आत्यानं स्वतःच निकाल लावला, की खून धाकट्या जावेनं केला. बऱ्याच वर्षांनी रद्दीत तिला तेच पुस्तक अखंड मिळालं. त्यात खुनी माळी निघाला.

“मग?” मी विचारलं.

“मंग काय. लिवणारा चुकला.”

“अहो, त्यानंच लिहिलंय ना?”

“त्यानं लिवलं, पण ती जाव त्याला कुठं ठाऊक? माज्या घरात होती.”

आता भाताचं. आत्याचं मत मोजायचं माप एकच होतं. ती भात टोपात करायची. कुकर शिट्टी मारून बोलावतो, टोप बोलावत नाही. ओट्याशी स्टुलावर बसून, एका हातात पुस्तक धरून ती भाताकडे लक्ष ठेवायची. पुस्तक साधारण असेल तर भात व्यवस्थित व्हायचा. चांगलं असेल तर खाली लागायचा. “या पुस्तकानं माजा दोनदा भात लावला,” हे तिच्याकडून मिळणारं सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र. घरात सगळ्यांना करपलेल्या वासावरून कळायचं, आईला बरं पुस्तक मिळालंय. गणेशनं वैतागून तिला न चिकटणारं, महागडं भांडं आणून दिलं. आत्यानं ते आठवडाभर वापरलं आणि परत केलं. “यात चांगलं पुस्तक पण कलत नाय.”

प्रत्येक प्रकाराचं माप मात्र वेगळं. कविता भाताला नाही, चहाला. “ती बारकी असते. दूध उतू गेलं तर चांगली.” प्रेमाच्या कादंबऱ्यांवर तिचा राग होता. “ही दोगं एकमेकांना एकदा धड बोल्ली असती तर येवढा कागद वाचला असता.” इतिहासाच्या पुस्तकात राजा काय जेवला ते कुणी लिहीत नाही, ही तिची कायमची तक्रार. आत्मचरित्रं ती संशयानं वाचायची. “हा मानूस आपल्याला सगलं घर दाखवतो, मोरी दाखवत नाय.” यशस्वी कसं व्हावं असली पुस्तकं गणेश आणायचा. त्यांवर ती म्हणायची, “लय चांगली हायत. वाचता वाचता भात होतो, भाजी होते, कपडं पण वालतात.” एकदा ग्रहताऱ्यांवरचं एक पुस्तक तिच्या हाती लागलं. भरती-ओहोटीवर मिठागर चालवलेली बाई ती. चंद्र पाणी कसा ओढतो हे वाचताना तिनं भात, आमटी आणि टोपाखालचं फडकं, तिन्ही जाळली. त्या पुस्तकाचं कौतुक करायला भातही पुरेनात.

तिची मतं नेहमी बरोबर असायची असं मुळीच नाही. एक अत्यंत टुकार भुताची कादंबरी तिनं सगळ्या इमारतीला वाचायला लावली. कारण त्यातलं भूत खाडीत राहत होतं. मी म्हणालो, “शैली नाही, आशय नाही, मांडणी विस्कळीत.” ती शांतपणे म्हणाली, “ते सगलं नसंल. पण किती भात?” मला सांगता आलं नाही. तोवर मी भातच केला नव्हता.

भिशीची कल्पना तिला बायकांच्या भिशीतूनच सुचली. पैशांची भिशी ती आधीपासून चालवत होती. एक दिवस म्हणाली, पैसे टाकून पैसेच मिळतात, त्यात गंमत काय? पुस्तक टाका. नियम तिनेच ठरवले. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येकानं एक पुस्तक आणायचं. स्वतः वाचलेलं नसलं तरी चालेल, घरात धूळ खात पडलेलं असलं तरी चालेल. सगळ्यांना कॅलेंडरचं कव्हर. मग चिठ्ठी काढायची. जिचं किंवा ज्याचं नाव निघेल त्यानं सगळा गठ्ठा घरी न्यायचा, महिनाभर वाचायचा आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी उभं राहून एकेका पुस्तकाचं खरं मत सांगायचं. वाईट तर वाईट. वाचून झालं नाही तर नाही झालं. मग ते मत ऐकून कुठलं पुस्तक कुणाकडे जायचं ते आत्या ठरवणार.

“खोटं मत नको,” पहिल्याच दिवशी तिनं बजावलं. “मी पुस्तक नाय वाचलेलं, मी तुमचं तोंड वाचून वाटनार. तुमी खोटं बोल्लात तर दुसऱ्याचा भात वाया.”

पहिली चिठ्ठी निघाली फैयाजभाईंची. बाजारात त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, आत्याचा दोरीवाला चष्मा त्यांच्याकडचाच. गठ्ठा बघून त्यांनी कपाळाला हात लावला. “आत्या, मैं आँखें जाँचता हूँ, अपनी फोडणार नाय!” पण महिन्यानं ते उभे राहिले आणि एका हेरकथेबद्दल अशा तावातावानं बोलले, की वॉचमन गेट सोडून ऐकायला आला. शेवटी म्हणाले, “बिर्याणी लागली, आत्या. बेगम खफा है.” आत्यानं तत्काळ निकाल दिला, की एक बिर्याणी म्हणजे तीन भात.

पुस्तक वाटताना ती आवड विचारत नसे. विचारायची, झोप लागते का, सुनेशी बोलणं आहे का, पोट साफ होतं का. त्यावरून पुस्तक. घरात कुणी गेलेलं असेल तर त्या माणसाला ती कधीच रडवणारं पुस्तक द्यायची नाही. “त्याला खून द्याचा,” ती म्हणायची. “खुनात डोकं लागतं. डोकं लागलं की जीव जरा बाजूला बसतो.” आणि मला, इतकं गंभीर वाचणाऱ्या मला, तिनं काय द्यावं? पाककृतींचं पुस्तक. मंगलानं तिच्याकडे तक्रार केली होती, की निवृत्तीनंतर हे दिवसभर माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतात.

“आधी वाचा,” आत्या म्हणाली, “मंग नावं ठेवा.”

अपमान गिळून मी ते वाचलं. वाचता वाचता गुंतलो. एका दुपारी चोरून भात केला. मंगलानं तो खाल्ला आणि काही बोलली नाही, म्हणजे चांगला झाला होता. तेव्हापासून आमच्या घरचा भात माझ्याकडे आहे. आत्याला हे कळलं तेव्हा तिनं पहिल्यांदा मला ‘सायेब’ सोडून ‘दादूस’ म्हटलं. दादूस म्हणजे त्यांच्याकडे मोठा भाऊ. नोकरीत मला बढत्या मिळाल्या, पण त्यातली एकही इतकी आवडली नव्हती.

आता मला लिहायला जड जाणारा भाग.

एका महिन्यात गठ्ठा माझ्या नावानं निघाला. त्याच महिन्यात मुलगी-जावई सुट्टीला आले होते, शिवाय टीव्हीवर क्रिकेट चालू होतं. मी बरीच पुस्तकं वाचली, पण शेवटचं एक राहिलं. ते कुणीतरी माळ्यावरून काढून आणलेलं, आणणाऱ्यानंही वाचलेलं नव्हतं. रविवारी सकाळी मी त्याची पहिली काही पानं वाचली. एक कुटुंब लांबच्या प्रवासाला निघालंय, वडील लोणच्याच्या बरण्या घेऊन चालण्याचा हट्ट धरून बसलेत, आई स्टेशनवर कुलपाची किल्ली शोधतेय. मी मनापासून हसलो. आणि खाली गेलो.

त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या सुलभाताई खूप दिवसांनी खाली येऊन बसल्या होत्या. त्यांचे यजमान नुकतेच गेले होते. त्यांच्यासाठी आत्यानं एक खुनाचं पुस्तक आधीच काढून मांडीवर ठेवलं होतं. तेवढ्यात सुलभाताई हळूच म्हणाल्या, “काही हलकंसं आहे का हो? जरा हसावंसं वाटतंय.”

मला पुढं व्हायची हौस. मी ते पुस्तक उचललं. “हे द्या. फार गमतीदार प्रवासवर्णन आहे. एक भात नक्की.”

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. “पुरं वाचलंस ना, दादूस?”

“पुरं,” मी म्हणालो.

एकच शब्द. माणूस खोटं बोलताना काहीतरी मोठं घडतं असं वाटत होतं. तसं काही झालं नाही. आत्यानं खुनाचं पुस्तक मांडीवरून बाजूला ठेवलं आणि माझं सुलभाताईंच्या हातात दिलं.

त्या पुस्तकात पुढं ते वडील परक्या गावात आजारी पडतात आणि जातात. उरलेलं सगळं पुस्तक बरण्यांसकट घरी परत येण्याचं आहे. हे मला कसं कळलं? सुलभाताईंची मुलगी खारघरला राहते, ती पुढच्या भिशीला तरातरा चालत आली. सगळे पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बसलो होतो.

“माझ्या आईला हे पुस्तक कुणी दिलं? यातले वडील परक्या गावात आजारी पडून जातात, आणि पुढं सगळं त्यांच्याशिवाय बरण्या घेऊन घरी परतणं! दोन दिवस ती जेवली नाही. काही विचार करता की नाही तुम्ही लोक?”

 पुस्तकं वाटायचं काम आत्याचं, म्हणून सगळ्यांच्या माना आत्याकडे वळल्या. ती मुलगीही वळली. “इतकी शिकलेली माणसं आहेत इथं. त्यांच्यापैकी कुणी का नाही वाटत पुस्तकं?”

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा काढून पुसायला घेतला. तो स्वच्छ होता. तरी मी पुसत राहिलो. उठून ‘मी सांगितलं होतं, मी न वाचता सांगितलं होतं’ एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण इमारतीत मी वाचणारा माणूस म्हणून ओळखला जात होतो. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

“चूक माजी,” आत्या म्हणाली. “मी दिलं.”

मग दोघांतिघांनी सुचवलं, की यापुढे पाटणकर साहेबांनीच बघावं. म्हणजे मी. मी ‘नको नको’ म्हणालो, जितक्या हळू म्हणता येईल तितक्या हळू. आत्यानं कमरेच्या पिशवीतून कपाटाची किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

“घ्या, सायेब.”

दादूस संपला होता.

ती यायची थांबली नाही, हे सांगायला हवं. मागच्या खुर्चीवर बसायची, मोठ्यानं मतं द्यायची, लोकांना हसवायची. फैयाजभाईंना कानात विचारायची, “किती बिर्याण्या?” आपल्याला कुणी काही बोललंय असं तिच्या चेहऱ्यावर कधी दिसलं नाही. फक्त कुणाला काय द्यायचं याबद्दल तिनं परत तोंड उघडलं नाही. मी नावं लावली, विषयवार वर्गवारी केली, कॅलेंडरची कव्हरं काढून टाकली. लोक पुस्तकाचं नाव पाहून मागू लागले. भिशी व्यवस्थित चालू झाली, आणि हसणं कमी झालं. काही दिवसांनी गणेशनं उरणजवळ द्रोणागिरीला नवी इमारत उभी केली आणि आत्या तिकडे राहायला गेली. जाताना ती सगळ्या मजल्यांवर भेटून आली. आमच्याकडे मंगलाशीच जास्त बोलली.

हे सगळं लिहून झालं तेव्हा वाटलं, छापायला देण्याआधी हे एका माणसानं ऐकायला हवं. म्हणून परवा मी कागद घेऊन द्रोणागिरीला गेलो. तिथं गोदामांच्या रांगा आणि कंटेनर घेऊन उभे असलेले ट्रक, त्यांतून वाट काढत रिक्षावाला मला नव्या इमारतीपाशी घेऊन गेला. आत्या दारात उभीच होती. थोडी वाकलीय. आवाज तसाच.

“सायेब, तुमी वालला. मंगलावयनी जेवाला घालत नाय का?”

“भात मीच करतो अजून.”

“मंग वालनारच.”

स्वयंपाकघर चकाचक. ओट्यावर विजेवर चालणारा भाताचा कुकर. आत्यानं त्याच्याकडे हात केला. “सुनेनं आणला. आपला आपला बंद होतो मेला. दोन वर्सं झाली, कुठलं पुस्तक चांगलं नि कुठलं वाईट, मना काय कलत नाय.”

मी सांगितलं, की एक लेख लिहिलाय, तुमच्यावर, ऐकवायचा आहे. मी पहिला कागद वर धरला, घसा साफ केला.

“थांबा.” ती वाकली, ओट्याखालच्या कप्प्यातून जुना, बुडाला काळा पडलेला टोप ओढून काढला, तांदूळ धुतले, टोप गॅसवर चढवला. मग स्टूल ओढून बसली. “हा, वाचा आता. पण पयलं नको. मधलं वाचा.”

मधलं म्हणजे कुठलं, हे तुम्ही आत्ताच वाचलंत.

मी वाचलं. ‘पुरं’ म्हणालो ती ओळ दोनदा वाचावी लागली. चष्मा पुसण्यापाशी तर अक्षरंच दिसेनात. वर बघायचा धीर होत नव्हता. किल्लीपर्यंत आलो तेव्हा स्टूल सरकल्याचा आवाज झाला. आत्या उठली होती. तिनं झाकण काढून पाहिलं, एक शीत बोटांत दाबलं आणि गॅस बंद केला.

“झाला भात.”

मी कागद खाली घेतले. “लागला नाही?”

“आपल्याला ठाऊक हाय त्याला कसा लागंल? ती पोर आली तेवाच मना कललेलं. पुरं वाचलेला मानूस ‘पुरं’ बोलत नाय. तो गोष्ट सांगाला लागतो.”

“मग तेव्हाच बोलला का नाहीत?”

“येवढ्या लोकांत तुमी चष्मा पुसत होता. मी बोल्ले असते तर तुमी दुसऱ्या दिसी इमारत सोडून गेला असता. मंगलावयनी बिचारी पुन्हा सामान बांधत बसली असती.” तिनं टोपावर झाकण ठेवलं. “आनि मी काय कुठं जानार? इमारत माजीच.” आणि ती चौथ्या मजल्यापर्यंत जाईल असं हसली. इथं चौथ्या मजल्यावर कोण राहतं मला ठाऊक नाही, पण त्यांनी टीव्ही मोठा केला असावा.

हसणं थांबल्यावर मात्र तिनं झाकणाभोवतीचं पाणी पदरानं पुसलं. “किल्ली द्याला नको होती मी,” ती म्हणाली. “त्याचं वाईट वाटलं. पुस्तकं वाटाला मजा येवाची.”

मी म्हणालो, किल्ली आणली आहे. ती खिशातून काढून तिच्यापुढं ठेवली. आणि भिंतीवर माझा नाही, तिचा फोटो लागणार, हे मी सेक्रेटरींना सांगणार आहे, तेही सांगितलं.

“फोटो नको बाबा. भिंतीवर फोटो म्हंजे मानूस गेल्यासारखा वाटतो. किल्ली ठेवते. पयल्या रविवारी गणेश गाडीनं सोडील. पण कवरं परत घालाची, सांगून ठेवते.”

मग ती आत गेली आणि कॅलेंडरच्या पानाचं पांढरं कव्हर घातलेलं एक पुस्तक घेऊन आली. न उघडताच मला कळलं ते कुठलं.

“सुलभाताईकडून मागून आनलेलं. ज्याच्यापायी बोलनी खाल्ली ते वाचाला नको? ती बाई नंतर मना बोल्ली, तिनं ते तीनदा वाचलं. पोरीला सांगितलं नाय.” पुस्तक माझ्या हातावर ठेवत तिनं विचारलं, “आता पुरं वाचशील ना, दादूस?”

मी ‘हो’ म्हणालो नाही. नुसती मान हलवली. निघेपर्यंत तिनं माझा पहिला कागदही चाळला होता, आणि आता ती दारातून ओरडून सांगत होती, की लेखात तिच्या बांगड्यांचं लिहिलंय ते काढ, इन्कम टॅक्सवाले वाचतात. जिन्यावरून वळून पाहिलं, तर चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळत ती उभी होती आणि टोपातला पांढरा, मोकळा, न लागलेला भात शेजारणीला दाखवत होती.

बांगड्या मी ठेवल्या आहेत. खरं लिहायचं ठरलंय.

आज दुपारी मंगला मैत्रिणीकडे गेली होती. मी भात टाकला आणि ओट्याशी उभा राहून ते पुस्तक उघडलं. बरण्या, किल्ली, स्टेशन, सगळं ओळखीचं. मग पुढची पानं. परक्या गावातल्या खोलीत आई त्या बरण्यांची झाकणं एकेक करून घट्ट करते, तिथं मी खाली स्टुलावर बसलो. त्यानंतर मला स्वयंपाकघर आठवत नाही.

“अहो, काय जळतंय?” दार उघडताच मंगला ओरडली. धावत आत आली, गॅस बंद केला, टोप मोरीत ठेवून त्यात पाणी ओतलं. बुडाला काळा, जाड थर बसला होता. तिनं पदर खोचला आणि तारेची घासणी हातात घेतली.

“राहू दे,” मी म्हणालो. “घासू नकोस. खाली पुस्तकांच्या खोलीतला तो खिळा अजून रिकामा आहे.”